वरचा डावा, जरा आडवा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज लॅबमध्ये बाबांचं तोंड आलं.

असं लिहिलं की वेडगळ वाटतं, पण आमच्याकडे असंच बोलतात. मालक सकाळी आले की पहिलं विचारतात, आज किती तोंडं आली, आणि दवाखान्यांमधून आलेले डबे मोजतात. डब्यात ट्रे, ट्रेमध्ये कुणाच्या तरी हिरड्यांचं माप, वर रबराने अडकवलेली चिठ्ठी. मापात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, त्यावर कवळी करायची. सोळा वर्षं मी हेच करते. ज्यांचे दात करते त्यांना बघत मात्र कधी नाही. तंत्रज्ञाने पेशंटसमोर जायचं नाही हा मालकांचा नियम आहे, आणि मला तो फार सोयीचा आहे.

आजच्या सहाव्या डब्यावर बाबांचं नाव होतं. आधी वाटलं, नावासारखी नावं असतात. पण मधलं नाव आजोबांचं, वय चौऱ्याहत्तर. खाली डॉक्टरीणबाईंचं गिचमिड अक्षर: 'वरची-खालची पूर्ण. एकटे राहतात. तीन महिने पातळ खाण्यावर, वजन उतरलंय. लवकर द्या.'

मी ट्रे हातात धरून तशीच उभी. पॉलिशवाल्या काकी म्हणाल्या, काय गं, चावलं का कुणी. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीतला हा एकच विनोद आहे.

येताना ही वही घेतली. कुणाला तरी सांगायला हवं आणि सांगण्यासारखं कुणी नाही. बाबांशी सोळा वर्षांत बोललेले नाही. देवाशीही नाही. दोघांशी एकाच दिवशी बोलणं टाकलं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्लास्टर ओतलं. माझ्या हातून कधी बुडबुडा राहत नाही, आज दोन राहिले. पुन्हा ओतलं.

साचा सुटा करून बघत बसले. दात गेले की खालचं हाड झिजत जातं. बाबांच्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूला धरायला काही उरलेलंच नाही. बरेच दिवस दातांवाचून काढलेत म्हणजे, तीन महिने नव्हे. डॉक्टरीणबाईंना त्यांनी खोटं सांगितलं असणार. बाबा, आणि खोटं. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली त्यांनी, दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या. घरी तर त्यांच्यासमोर खोटं बोलायची कुणाची टाप नव्हती.

मालकांना म्हणावं, हे काम दुसऱ्या कुणाला द्या, असं दिवसभर घोकलं. बोलले नाही. दुसरा कोण, तो नवीन आलेला? त्याने केलेली कवळी शिंकेला बाहेर पडते.

८ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या घरातली पद्धत इथे लिहून ठेवते. बाहेर कुणाला सांगितलं तर लोक हसतात.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, दादा दहाचा. त्यानंतर बाबांनी हे सुरू केलं. संध्याकाळी दिवे लागले की आम्ही तिघं ओळीने भिंतीकडे तोंड करून उभे राहायचो. भिंतीवर काहीही नव्हतं. बाबा म्हणायचे, देवाला ऐकायचं असेल तर तो कुठूनही ऐकतो. मग प्रत्येकाने त्या दिवसाची आपली एक चूक मोठ्याने सांगायची. एकच, आणि तीही सबब न जोडता. सांगून झाली की बाबा देवाच्या वतीने म्हणायचे, "झालं. सोडलं." त्यानंतर ती चूक कुणी पुन्हा उकरायची नाही. हा नियम इतका कडक होता की ऐन भांडणातही आमची जीभ त्या जुन्या चुकांकडे वळायची नाही. बाबांच्या चुकीला दादा म्हणायचा सोडलं. त्याच्या 'स'मधून बारीक शीळ यायची आणि मला हसू फुटायचं. मग दुसऱ्या दिवशी माझी चूक तीच: काल उभं असताना हसले.

मला ते आवडायचं. सांगून टाकलं की झोप अशी लागायची की विचारू नका. आता रोज एक गोळी घ्यावी लागते.

आजची चूक: काकींच्या डब्यातलं केळं न विचारता खाल्लं.

९ फेब्रुवारी, रविवार

कालची चूक वाचली आणि लाज वाटली. केळं म्हणे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चाव्याचं माप आलं. म्हणजे मेणाच्या पट्ट्या तोंडात घालून वरचा जबडा खालच्यावर कुठे टेकतो ते बघतात. ते आलं की दोन्ही साचे बिजागरीच्या यंत्रात बसवायचे. यंत्र उघडमीट केलं की तोंड उघडमीट होतं. आज मी बाबांचं तोंड वीसेक वेळा उघडमीट केलं. एकदा तर मुलं बाहुल्यांशी बोलतात तशी त्याच्याशी बोललेसुद्धा. म्हटलं, बोला, काय म्हणणं आहे तुमचं. काकींनी बघितलं आणि पाठ फिरवली, देव त्यांचं भलं करो. (हे सवयीने लिहिलं गेलं. देवाला उद्देशून नाही.)

सारखं वाटतंय की त्यांना कळेल. कसं कळणार? चिठ्ठीवर तंत्रज्ञाचं नाव नसतं, फक्त आकडा असतो. मी एकोणीस नंबर आहे. तरी आज तीनदा उठून डबा नीट बंद आहे का ते बघून आले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दात लावायला बसले. गुलाबी मेणात एकेक दात उभा करायचा. आधी वरचे पुढचे दोन, मग त्यांच्या शेजारचे, मग सुळे. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, 'नेहमीसारखे, सरळ.' एरवी मी बोलत असते, रेडिओ ऐकत असते. आज सगळं सुचेनासं झालं होतं. हातच आपले काम करत होते. दोन तासांत वरची ओळ झाली. एवढ्या पटकन कधी होत नाही.

हे काम मी शिकत होते तेव्हाचं आठवत होतं. साबणाच्या वड्या कोरून दात बनवायचा सराव करायला लावायचे. घरी रोज संध्याकाळी साबण, चाकू, आणि समोर दादा आ वासून बसलेला. बाबा कधी असे बसले नाहीत, त्यांना वेळ नसायचा. दादा मात्र अर्धा अर्धा तास बसायचा, लाळ गळेपर्यंत. मला साबणबाई म्हणायचा. त्याचे पुढचे दात मी किती वेळा कोरले असतील, शंभर तरी. एकदा त्याने माझ्या सगळ्यात चांगल्या दाढेने भांडी घासून टाकली. मी रडले, तर म्हणाला, बघ, दाढेचं काम दाढेने केलं, घासण्याचं.

खालची ओळ सोमवारी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मेणातली ट्रायल पेशंटच्या तोंडात बसवून बघायला दवाखान्यात गेली. जीव टांगणीला. काही खाल्लं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी डॉक्टरीणबाईंचा मालकांना फोन. वरचा डावा, पुढच्या दाताशेजारचा, आडवा बसलाय. शेजारच्या दातावर चक्क चढलाय. सरळ लिहिलेलं असताना एकोणीस नंबरने असं का केलं?

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा. ट्रायल पाठवण्याआधी यंत्रावर काढलेला फोटो मी बघितला. खरंच आडवा होता. मी कधी तो तसा लावला मला आठवत नाही, शपथ. तोंडातून मात्र निघून गेलं, त्यांचा दात असाच होता. मालक म्हणाले, तुम्हाला काय माहीत त्यांचा दात कसा होता? म्हटलं, हिरडीच्या ठेवणीवरून वाटलं. मालक काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत, पण एवढंच म्हणाले, सरळ करून पाठवा.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं म्हणे. पेशंटने आरसा हातात घेतला तो खाली ठेवेनात. मग पाणी मागितलं. मग विचारलं, ही कुणी केली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, चिडले. मलाही तसंच वाटतं. नाहीतर हिरडीला कुठे टोचलं असेल.

पण दात त्यांचा असाच होता. मला चांगलं आठवतं. जरा आडवा, आणि हसले की आधी तोच दिसायचा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यातून डबा परत आला, आत एक जुना फोटो. वाद नको म्हणून डॉक्टरीणबाईंनी पेशंटकडून मागवला होता. लॅबला फोटो येणं नवीन नाही, दातांचा आकार कळायला मागवतोच आम्ही. हा आमच्या घराच्या पायऱ्यांवरचा आहे. बाबा पन्नाशीचे, काहीतरी बोलता बोलता हसलेत. त्यांचे दात ओळीने सरळ, रुळासारखे. शेजारी दादा. वरचा डावा, जरा आडवा. मी कडेला, तोंड मिटून.

काकींनी मला पाणी दिलं.

मी माझ्या बापाच्या तोंडात मेलेल्या भावाचा दात लावून पाठवला. आणि ते आरशात बघत बसले होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

आता सगळं लिहायला पाहिजे. सुट्टी आहे, सकाळची वेळ आहे, कुठे पळता येणार नाही.

दादाला बाबांनी छापखान्यात चिकटवलं होतं. तो दोन महिने तिथे गेलाच नाही. डबा घेऊन निघायचा आणि एका पाट्या रंगवणाऱ्याकडे शिकायला जायचा. मी एकदा त्याला शिडीवर बघितलं. म्हणाला, बाबांना मीच सांगतो, थोडा थांब. मी थांबले. मग त्या दाढेने भांडी घासायचं झालं, मी रागावले होते, आणि संध्याकाळी उभं राहिल्यावर माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "माझी चूक ही की दादा दोन महिने छापखान्यात जात नाही हे मला माहीत होतं आणि मी लपवलं."

चूक माझी म्हणून सांगितली, आणि उघडं पाडलं त्याला. नियमात बसवून केलं सगळं. दादाने माझ्याकडे बघितलंही नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, "माझी चूक. मी खोटं बोललो."

बाबांनी सोडलं म्हणायला हवं होतं. आम्ही वाट बघत उभे होतो. ते म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याशेजारी मी उभा राहणार नाही." स्वतःचा नियम स्वतः मोडला. दादा त्याच संध्याकाळी पिशवी भरून गेला. सात महिन्यांनी दुसऱ्या गावात पाटी रंगवताना शिडीवरून पडला. सत्तावीस वर्षांचा होता. त्याला पोचवून घरी आलो तेव्हा दारातच मी बाबांना म्हणाले, "तुम्ही मारलंत त्याला." माझे कपडे घेऊन निघाले ते आजतागायत.

एवढं जगाला माहीत आहे. पुढचं कुणाला माहीत नाही.

तो पडला त्याच्या दहा दिवस आधी त्याचा घरी फोन आला होता. मी उचलला. म्हणाला, साबणबाई, बाबा आहेत का, बोलायचंय. बाबा होते. आतल्या खोलीत पलंगावर वाचत बसले होते, दार अर्धं उघडं होतं. मला वाटलं पुन्हा आरडाओरडा होईल, पुन्हा महिनाभर घरात कुणी कुणाशी बोलणार नाही. घर आत्ता कुठे शांत झालं होतं. मी त्यांना विचारलं नाही. म्हटलं, "ते तुझ्याशी बोलणार नाहीत." तो म्हणाला, बरं. मग विचारलं, तू कशी आहेस. मी बरी आहे म्हटलं आणि ठेवला.

बाबा सोळा वर्षं समजतायत की त्याने कधी फोनच केला नाही. आपलं पोरगं आपल्याकडे परत वळलं नाही असं समजून म्हातारे झाले. आणि मी त्यांना खुनी ठरवून मोकळी.

देवावर माझा राग आहे असं मी सांगत आले. कसला राग. त्याला फोनचं माहीत आहे, म्हणून मी त्याच्यासमोर उभी राहत नाही. भिंतीकडे तोंड करून पलंगसुद्धा ठेवलेला नाही मी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दात सरळ केला. मेण गरम करून एक हलका दाब, अर्ध्या मिनिटाचं काम.

चारच्या सुमाराला डॉक्टरीणबाईंचा फोन. म्हणाल्या, पेशंट सकाळपासून दोनदा येऊन गेले, दात सरळ करू नका म्हणतायत. मी समजावलं तर म्हणाले, तोंड माझं आहे. तेव्हा राहू द्या होता तसा.

मालक म्हणाले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी कसले हे लाड. काकी म्हणाल्या, असतो एकेकाचा चेहरा, आपल्याला काय. मी पुन्हा मेण गरम केलं आणि दात होता तसा आडवा केला. याही वेळी बघावं लागलं नाही.

आता पक्कं करायचं, पॉलिश, आणि डबा बंद. एकदा गेली की गेली. पुन्हा त्यांचं नाव माझ्या टेबलावर यायला काही कारण उरणार नाही. वजन उतरलंय, हाड उरलेलं नाही, चौऱ्याहत्तर. सांगायचं तर आत्ताच. आणि सांगितलं तर त्यांचं काय होईल? तो परत यायला निघाला होता आणि घरातूनच त्याला परतवलं हे या वयात ऐकायचं? मला मोकळं व्हायचंय म्हणून त्यांच्या छातीवर धोंडा ठेवायचा? त्या दिवशीही मी तेच केलं होतं. माझं ओझं उतरवलं आणि दादाच्या डोक्यावर दिलं.

काही ठरत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी टाकून त्यांच्या रस्त्यापर्यंत गेले. कोपऱ्यावरचं दुकान आता मोबाईलचं झालंय. त्यांची खिडकी उघडी होती. दोरीवर एक सदरा, एक पंचा. दिवे लागायची वेळ झाली, त्यांच्या खोलीत दिवा लागला आणि ते दिसले. भिंतीकडे तोंड करून उभे. ओठ हलत होते. डाव्या हाताला दोन माणसं मावतील एवढी जागा सोडली होती.

माझी पाचावर धारण बसली. परत फिरले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की सांगून झाल्यावरही ते बराच वेळ तसेच उभे होते. वय झालं, चटकन हलता येत नसेल.

३ मार्च, सोमवार

मालकांनी पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. पेशंट म्हणतात कवळी ज्याने केली तो माणूस समोर असल्याशिवाय मी ती घालणार नाही. डॉक्टरीणबाई हात जोडतायत. मालकांनी आपला नियम मोडला, म्हणाले, उद्या अकराला जाऊन या आणि मिटवा एकदाचं. मग चष्मा काढून हळूच विचारलं, कोण तुमचे?

म्हटलं, वडील.

ते म्हणाले, मग रिक्षाने जा.

४ मार्च, मंगळवार

गेले. डबा मांडीवर धरून.

बाबा खुर्चीत होते, गळ्याला निळा कागदी रुमाल. इतके लहान झालेत की पाय पायठेवणीपर्यंत पोचत नव्हते. गाल आत गेलेले. माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली, जसे काही मी दळण घेऊन आले. मी डबा उघडून कवळी डॉक्टरीणबाईंना दिली. त्यांनी आधी खालची बसवली, मग वरची. गाल भरले. ओठ वर आला. माझा बाप परत आला, आणि त्याच्या ओठांच्या फटीतून दादा.

डॉक्टरीणबाईंनी साठपासून मोजायला सांगितलं. नवीन कवळीत 'स' नीट निघतो का ते त्यावरून कळतं. बाबा साठ, एकसष्ट, बासष्ट म्हणत गेले. पासष्टपासून शीळ ऐकू यायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या आडव्या दाताची आहे, घासून घालवता येईल. बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना बाहेरच्या पेशंटने बोलावलं आणि त्या गेल्या.

मी भिंत शोधली. एका भिंतीवर दात घासायची तक्ती होती, दुसरी रिकामी. तिच्याकडे तोंड करून उभी राहिले. एवढं मात्र घोकून आले होते, सबब जोडायची नाही. म्हटलं, "माझी चूक. तो जाण्याआधी दहा दिवस त्याचा फोन आला होता. तुमच्याशी बोलायचं होतं त्याला. तुम्ही घरात होतात. मी तुम्हाला न विचारता सांगितलं, ते बोलणार नाहीत. आणि नंतर सगळं तुमच्यावर ढकललं."

पाठीमागे काहीच आवाज नाही. मला वाटलं संपलं, मी त्यांना मारलं. मग खुर्ची करकरली. ते उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, रुमाल तसाच गळ्यात.

"फोन तीनदा वाजला," ते म्हणाले. "मग तू उचललास. दार उघडं होतं, छोटी."

मी त्यांच्याकडे बघितलं तर ते भिंतीकडे बघत होते.

"माझी चूक," ते म्हणाले. कवळी नवीन, एकेक शब्द जपून टाकत होते. "पोराचा फोन आहे हे कळलं होतं. तू काय बोललीस तेही ऐकलं. चार पावलं होती. मी उठलो नाही. वाटलं, आणखी आठ दिवस झुरू दे. करेल पुन्हा."

सोळा वर्षं. मी म्हटलं, मग मी दारात तुम्हाला तसं बोलले तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात? म्हणाले, खोटं कुठे बोललीस. आणि तुला फोनचं बोलायची वेळ येऊ नये असं वाटलं, ते एकाला खातंय तेवढं पुरे. मग म्हणाले, "रोज उभा राहतो. रोज हेच सांगतो. देव ऐकत असणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते म्हणायला घरचं माणूस लागतं. स्वतःचं स्वतःला म्हणता येत नाही."

त्या दिवशी खिडकीतून बघितलं तेव्हा ते वाट बघत उभे होते, आता कळलं मला.

मी म्हटलं, "झालं. सोडलं." नीट उमटलंही नाही, पुन्हा म्हणावं लागलं. मग माझी पाळी. ते माझ्याकडे वळले, डोक्यावर हात ठेवला. कवळीमुळे की रडण्यामुळे माहीत नाही, पहिल्यांदा शब्दच निघेना. दुसऱ्यांदा निघाला.

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा आम्ही दोघं रिकाम्या भिंतीसमोर नाकं पुसत होतो. त्या म्हणाल्या, टोचतंय का कुठे?

५ मार्च, बुधवार

लॅबमधून सरळ बाबांकडे गेले. दिवसभर धास्ती की काल दवाखान्यात होतं ते घरी टिकणार नाही. दारात पाय अडखळला. ते म्हणाले, आत ये, की दारातच उभं राहून कवळी तपासणार आहेस?

खालची डावीकडे हलते. मऊ भात चावता येतो, पोळीला अजून पंधरा दिवस. मी टोचणारी जागा बघून ठेवली, उद्या घासून आणते. त्यांनी मला त्या फोनबद्दल काही विचारलं नाही, मीही नाही. नियम तो नियम. मग वहीत तरी का लिहिते आहे? एवढं शेवटचं.

दिवे लागले. उभे राहिलो. मधे एकाची जागा सोडून, ठरवलं नव्हतं कुणी. बाबांची चूक: कवळी झोपताना काढून पाण्यात ठेवायची होती, ठेवली नाही. सकाळी आरशात बघायचं असणार. मी म्हटलं सोडलं. माझी चूक मी मनात देवाला सांगितली, मोठ्याने नाही, कारण ती त्याची आणि माझी होती. म्हटलं, रागावले आहे असं खोटंच सांगत होते, भीत होते तुला. तो काही बोलला नाही. पण बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि न ऐकताच म्हणाले, झालं, सोडलं.

मी वळणार होते. त्यांनी हाताने थांबवलं.

"त्या दिवशीची एक राहिलीय," ते म्हणाले.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मग ते मधल्या जागेकडे वळले, जिथे दादा उभा राहायचा, आणि इतक्या वर्षांत जे म्हणायचं राहिलं होतं ते म्हणाले. सावकाश, दोन्ही शब्द. 'स'मधून बारीक शीळ आली, आणि मला हसू फुटलं.

उद्याची चूक तयार आहे माझी.